बिनतारी उलटा पेंडुलम: दोन नॅनो बोर्डांची अदलाबदल केली की वागणूकच बदलते, कारण काय असेल?

यंत्रशाळा यांचा प्रश्न

नमस्कार. मी पॉलिटेक्निकला इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या गटाने फुरुता पद्धतीचा उलटा पेंडुलम केला आहे. खाली डीसी मोटार, तिच्या शाफ्टवर आडवा फिरणारा हात, आणि हाताच्या टोकाला मोकळी झुलणारी ३० सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची दांडी. मोटारने हात मागेपुढे करून दांडी उभी तोलायची.

हात गोल फिरतो, त्यामुळे दांडीच्या सेन्सरची वायर पिळते. चांगली स्लिप रिंग (फिरत्या भागाला वायर न पिळता जोडणी देणारा सांधा) बजेटमध्ये बसत नाही, म्हणून कोन रेडिओने पाठवायचं ठरलं. हातावर अर्डुइनो नॅनो (लहान मायक्रोकंट्रोलर बोर्ड), दांडीला एमपीयू६०५० सेन्सर (झुकाव आणि फिरण्याचा वेग मोजणारी चिप), हातावरच एनआरएफ२४ रेडिओ आणि लहान लिथियम बॅटरी. वजन हातावरच येतं, म्हणून बॅटरी जेवढी लहान तेवढं बरं. खाली मोटारपाशी दुसरा नॅनो आणि दुसरा एनआरएफ२४, तो ॲडॅप्टरवर चालतो.

रेडिओचा वेग २५० केबीपीएस (सेकंदाला अडीच लाख बिट) ठेवलाय, रेंज चांगली मिळावी म्हणून. पॅकेट ३२ बाइटचं. बाकी लायब्ररीत आहे तसंच. दोन्ही नॅनोंवर १० मिलिसेकंदांचा लूप आहे, म्हणजे तेच काम दर १० मिलिसेकंदांनी पुन्हा. खालचा नॅनो दर लूपला पॅकेट आलंय का ते बघतो, आलं असेल तर एक पॅकेट वाचतो, पीआयडी (चुकीवरून दुरुस्ती काढणारा हिशोब) चालवतो, मोटारला पीडब्ल्यूएम (जोर ठरवणारा सिग्नल) देतो.

वायर जोडून, हात थोडाच फिरू दिला, की दांडी हवा तेवढा वेळ उभी राहते. रेडिओवर आणलं की नाही. त्यातही एक गोष्ट अजिबात उलगडत नाही. एका जोडणीत सुरुवातीला बरं चालतं, मग थरथर वाढत जाते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत दांडी पडते. रिसेट केलं की पुन्हा तेच. दोन्ही नॅनोंची अदलाबदल करून प्रोग्रॅम टाकले, तर दांडी पडत नाही, पण काही सेकंद छान उभी राहते, मग डुलायला लागते, मग आपोआप शांत होते, पुन्हा डुलते. मुलं म्हणतात एक नॅनो खराब आहे. मी दोन्ही वेगवेगळे तपासले, दोन्ही ठीक आहेत.

पॅकेट पाठवून उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजून अर्धं केलं, सरासरी ३ मिलिसेकंद आली. एवढ्याने दांडी पडेल?

सोल्डर_गन

सर, एनआरएफ२४ सोडा आणि दोन्हीकडे ईएसपी३२ (वायफाय असलेला बोर्ड) घालून ईएसपी-नाउ (त्याची थेट बोर्डाकडून बोर्डाला पाठवण्याची पद्धत) वापरा. राउटर लागत नाही, जोडणी करावी लागत नाही, एका पॅकेटमध्ये २५० बाइट जातात. मी रिमोटच्या गाडीला वापरलंय, हात हलवला की गाडी वळते. फक्त वायफायचा पॉवर सेव्ह बंद करा, नाहीतर घेणारा मधेमधे झोपतो आणि पॅकेट उशिरा मिळतं किंवा हुकतं.

एनआरएफ२४ ठेवणारच असाल तर त्याच्या पॉवरच्या पिनांवर १० किंवा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलाय का, ते आधी बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

स्पंद

यंत्रशाळा सर, नॅनो बदलू नका आणि रेडिओही बदलू नका. मी कारखान्यांतल्या बिनतारी सेन्सरांवर काम करते, आणि तुम्ही जे वागणं इतकं बारकाईने लिहिलंय तेच निदानाला पुरेसं आहे. दोन्ही नॅनो चांगले आहेत, पण दोघांची घड्याळं सारखी चालत नाहीत.

नॅनोवर घड्याळासाठी अचूक क्रिस्टलऐवजी बहुतेक वेळा कमी अचूक सिरॅमिक रेझोनेटर असतो. दोन बोर्डांत हजारात एक इतका फरक सहज पडतो. म्हणजे तुमचे दोन १० मिलिसेकंदांचे लूप दर १० सेकंदांनी एकमेकांवरून एक पूर्ण लूप सरकतात. आता दोन्ही जोडण्या बघा.

पाठवणारा हळू असेल तेव्हा: पॅकेट कधी खालच्या लूपच्या जरा आधी येतं आणि लगेच वाचलं जातं, कधी लूप होऊन गेल्यावर येतं आणि जवळजवळ १० मिलिसेकंद नुसतं पडून राहतं. हा उशीर दहापासून शून्यापर्यंत हळूहळू उतरतो आणि एकदम वर जातो. तुमची दांडी काही सेकंद छान राहून मग डुलते आणि पुन्हा शांत होते, ती याच चढउतारावर. स्टॉपवॉच लावून डुलण्यांमधलं अंतर मोजा, जवळपास सारखं भरेल.

पाठवणारा जलद असेल तेव्हा: एनआरएफ२४ च्या आत तीन पॅकेटं मावतील एवढी रांग आहे. खालचा नॅनो दर लूपला एकच पॅकेट उचलतो, वरून जरा जास्त येतात. दर दहाएक सेकंदांनी एक पॅकेट शिल्लक पडतं. अर्ध्या मिनिटात रांग भरते आणि तिथून पुढे ती भरलेलीच राहते. मग तुम्ही वाचता ते कायम सर्वात जुनं पॅकेट. परवाचा दुधाचा रतीब आज दारात यावा, तसं. दूध रोज येतंय, एकही दिवस चुकत नाही, आणि तरी रोज नासलेलंच मिळतं. पीआयडीला २० ते ३० मिलिसेकंदांपूर्वीचा कोन मिळतो आणि तो त्यावर इमानेइतबारे मोटार फिरवतो.

त्यात भर म्हणजे रांग भरली की घेणारा एनआरएफ२४ नवीन पॅकेट टाकून देतो आणि त्याची पोचही देत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं हवेत गळालं, तो पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, आणि लायब्ररीचं पाठवण्याचं फंक्शन तोवर अडकून बसतं. लॅबमधले मोबाइल अडथळा आणतात असं कुणाला वाटेल, पण त्यांचा यात काही संबंध नाही.

हे ३ मिलिसेकंदांच्या मोजणीत का दिसलं नाही? कारण त्या चाचणीत तुम्ही एक पॅकेट पाठवून उत्तर येईपर्यंत दुसरं पाठवतच नव्हता. रांग कधी भरलीच नाही. आणि सरासरीवर तर कंट्रोलमध्ये कधीच विसंबू नये. मोजायचं ते रीडिंगचं वय: मोटारला नवा पीडब्ल्यूएम दिला त्या क्षणी, तो ज्या कोनावरून काढला तो कोन किती जुना होता? रेडिओला किती वेळ लागला, हा त्यातला एक लहान तुकडा.

ते मोजायला लॉजिक ॲनलायझरची (पिना कधी वर-खाली झाल्या ते नोंदवणारं उपकरण) स्वस्तातली आठ चॅनलची डबी पुरे. हात पकडून ठेवा, फिरू देऊ नका. वरचा नॅनो सेन्सर वाचायला सुरुवात करताना एक पिन वर करेल, खालचा पीडब्ल्यूएम बदलताना दुसरी. पण प्रत्येक पॅकेटला करू नका, नाहीतर ३० मिलिसेकंद उशिरा आलेलं पॅकेट पुढच्याच्या जोडीला लागतं आणि सगळं ठीक दिसतं. पॅकेटमध्ये क्रमांक घाला आणि दर सोळाव्या क्रमांकालाच पिना हलवा. मग जोड्या चुकत नाहीत.

आता उशिराने दांडी का पडते, त्याचा हिशोब. ३० सेंटिमीटरच्या सरळ दांडीचा अस्थिर पोल (ती किती वेगाने कोसळते त्याचा आकडा) साधारण ७ रेडियन प्रति सेकंदावर येतो (३जी भागिले २एल, त्याचं वर्गमूळ; जी म्हणजे गुरुत्वप्रवेग, एल म्हणजे लांबी). म्हणजे काहीच केलं नाही तर झुकाव दर १०० मिलिसेकंदांनी दुप्पट होतो. ती तोलायला लूपचा क्रॉसओव्हर (जिथपर्यंत कंट्रोलचा जोर पोचतो ती वारंवारता) २० रेडियन प्रति सेकंदाच्या आसपास धरू. १ मिलिसेकंद उशीर म्हणजे तिथे १ अंशापेक्षा थोडा जास्त फेज जातो. ३० मिलिसेकंदांना ३४ अंश जातात. पीआयडी ट्यून करताना तुमच्याकडे ४०-५० अंशांची फेज मार्जिन (डोल सुरू होण्याआधीची मोकळीक) असली तर तिच्यात उरतं काय? आणि ठराविक उशीर एकवेळ परवडतो, तो धरून ट्यून करता येतं. बदलता उशीर नाही परवडत.

काय करायचं ते सांगते, महत्त्वाचं आधी.

खालच्या नॅनोचा १० मिलिसेकंदांचा लूप काढून टाका. एनआरएफ२४ ची आयआरक्यू पिन (पॅकेट आल्याची खूण देणारी) नॅनोच्या इंटरप्टला (हातातलं काम थांबवून लगेच दखल घेण्याची सोय) जोडा. पॅकेट आलं की आयआरक्यू खाली जाते, त्याच क्षणी वाचायचं, पीआयडी चालवायचा, मोटारला द्यायचं. मग सगळ्या यंत्रणेत एकच घड्याळ उरतं, वरचं. वाचताना रांग पूर्ण रिकामी करा आणि फक्त शेवटचं पॅकेट वापरा. माझ्या मते एवढ्यावरच तुमची नॅनो बदलण्याची भानगड संपेल.

दुसरं, पोच बंद करा. पोच आणि पुन्हा पाठवणं हे फाइल पाठवायला ठीक. कोन ताजा असेल तरच कामाचा. गळालेला कोन पुन्हा पाठवण्यात वेळ घालवण्यापेक्षा पुढचा ताजा कोन पाठवा. लायब्ररीचं मूळ सेटिंग १५०० मायक्रोसेकंदांच्या अंतराने १५ वेळा पुन्हा पाठवायचं आहे. तुमच्या २५० केबीपीएसच्या ३२ बाइटी पॅकेटला हवेतच १.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे वाईटात वाईट वेळी पाठवणारा ४० मिलिसेकंदांच्या वर अडकतो. तेवढ्यात नवे चार कोन घ्यायचे राहिले.

तिसरं, पॅकेट लहान करा. कोन दोन बाइट, कोनाचा वेग दोन बाइट, क्रमांक एक, बॅटरीची स्थिती एक. सहा बाइट झाले. वेग १ एमबीपीएस करा. प्रस्तावना (सुरुवातीची खूण), पत्ता, सीआरसी (चूक पकडणारे बाइट) धरून हवेतला वेळ १२१ मायक्रोसेकंद, त्याआधी रेडिओ स्थिरावायला १३०. सगळं पाव मिलिसेकंदात. २५० केबीपीएसला संवेदनशीलता -९४ डीबीएम मिळते आणि १ एमबीपीएसला -८५ (आकडा जितका खाली, तितका मंद सिग्नल ऐकू येतो), हे खरं, पण तुमचे दोन रेडिओ टेबलाच्या एकाच टोकाला आहेत. रेंजचा इथे प्रश्नच नाही. उलट हवेत जितका कमी वेळ, तितकी वायफायशी टक्कर व्हायची शक्यता कमी.

चॅनल ७६ म्हणजे २४७६ मेगाहर्ट्‌झ, तो राहू द्या. वायफायचा ११ नंबर २४७२ पाशी संपतो. फक्त लॅबचा राउटर १२ किंवा १३ वर नाही ना, ते बघा. काही ठिकाणी चॅनल १०० च्या पुढे जा, तिथे शांतता असते, असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. आपल्याकडे खुला पट्टा २४८३.५ ला संपतो आणि २५०० च्या वर मोबाइल कंपन्यांचा पट्टा आहे. मुलांना ही गोष्ट जरूर शिकवा.

आणि सिरियल प्रिंट. ९६०० बॉडला एक अक्षर जवळपास १ मिलिसेकंद खातं. दर १० मिलिसेकंदांना बारा अक्षरं छापत असाल, तर बफर भरल्यावर नॅनो छापण्यातच थांबून राहतो. बंद करा, निदान वेग ११५२०० करा.

सोल्डर_गन, तुमचा सल्ला गाडीला बरोबर आहे. इथे अडचण बॅटरीची. ईएसपी३२ चा रेडिओ ऐकत असताना शंभर मिलिअँपच्या आसपास जातो. एनआरएफ२४ ऐकताना १३ च्या आसपास आणि पाठवताना ११ घेतो. बिनतारी कामात ऐकणं महाग असतं, बोलणं स्वस्त, कारण बोलायचं कधी ते माहीत असतं आणि ऐकायला सतत जागं राहावं लागतं. म्हणून जागं राहण्याचं काम ॲडॅप्टरवाल्या बाजूला द्यायचं. पोच बंद केली की वरचा रेडिओ दर ५ मिलिसेकंदांना पाव मिलिसेकंद जागा होतो आणि बाकी वेळ स्टँडबायला २६ मायक्रोअँपवर पडून राहतो. सरासरी अर्धा मिलिअँप. उशीर कमी झाला आणि बॅटरीही वाचली, दोन्ही एकाच बदलात.

सर, १० ऐवजी ५ मिलिसेकंदांनी पाठवा. मधलं एक पॅकेट गळालं तरी तुमच्या आत्ताच्या वेगाएवढंच होतं.

यंत्रशाळा

स्पंद ताई, मनापासून आभार. आज मुलांना बसवून सगळं केलं. आधी जुन्या प्रोग्रॅमवरच सोळाव्या पॅकेटची युक्ती लावून मोजलं. पडणाऱ्या जोडणीत रिसेटनंतर रीडिंगचं वय हळूहळू चढत गेलं आणि मग २२ ते ३० च्या मध्ये जाऊन बसलं. मुलं स्क्रीनला चिकटून होती. दुसऱ्या जोडणीत करवतीच्या दात्यांसारखा आलेख आला, तुम्ही म्हणालात तसाच.

आयआरक्यू, लहान पॅकेट, १ एमबीपीएस, पोच बंद, ५ मिलिसेकंद. आता वय १ ते १.३ मिलिसेकंद येतं आणि नॅनो कुठलाही कुठेही लावला तरी तेच. दांडी उभी राहते.

पण वायरवर असतानाही जी बारीक डोल होती ती अजून आहे. हळू, सेकंदाला एक-दीड वेळा. पीआयडीचा डी (कोन किती वेगाने बदलतो त्यावरचा भाग) वाढवला की जास्त होते. रेडिओत अजून काही राहिलंय का?

कंट्रोलवाली

मध्येच बोलते. वायरवरही डोल होती म्हणताय, तर रेडिओला सोडा. एमपीयू६०५० मधला डिजिटल लो-पास फिल्टर (जलद थरथर गाळणारा) कितीवर आहे? त्याचं रजिस्टर (सेटिंगचा आकडा) ६ वर ठेवलं की बँडविड्थ ५ हर्ट्‌झ होते आणि सेन्सरच्या आतच १९ मिलिसेकंद उशीर होतो. तुमच्या लॉजिक ॲनलायझरला तो दिसणार नाही, कारण तुमची पिन सेन्सर वाचताना वर जाते आणि हा उशीर त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. रेडिओचा उशीर पाव मिलिसेकंदावर आणून सेन्सरमध्ये १९ घालवण्यात अर्थ नाही.

यंत्रशाळा

रजिस्टर बघितलं, ६ च आहे. मोटारच्या कंपनांमुळे आकडे नाचत होते म्हणून तसं ठेवलं होतं. कमी केला तर पुन्हा नाचतील ना?

कंट्रोलवाली

नाचतील, पण कुठला आकडा नाचतो ते बघा. कंपनांनी नाचतो तो ॲक्सेलरोमीटर (सेन्सरमधला प्रवेग मोजणारा भाग). शिवाय तुमचा हात गोल फिरतो, त्याचा प्रवेगही त्यातच मिसळतो, त्यामुळे या यंत्रात ॲक्सेलरोमीटरवर फार भरवसा नकोच. जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा भाग) बराच शांत असतो. फिल्टर ३ वर आणा: ४४ हर्ट्‌झ, उशीर ५ मिलिसेकंदांच्या जरा आत. नाहीतर २ वर: ९४ हर्ट्‌झ, ३ मिलिसेकंद. कोन मुख्यतः जायरोच्या बेरजेतून घ्या आणि ॲक्सेलरोमीटरने फक्त हळूहळू सरकणारी चूक दुरुस्त करा. डी साठी कोनातला फरक काढू नका, जायरोचा वेग तयारच मिळतो, तोच सरळ वापरा. नाचणं निम्मं तिथेच थांबेल.

पुढच्या बॅचला बदलणार असाल तर दांडीच्या बिजागरीवर लहान चुंबक आणि एएस५६०० (त्या चुंबकाचा कोन वाचणारी चिप) लावा. १२ बिटचा कोन थेट मिळतो, एका फेरीचे ४०९६ भाग. प्रवेगाची, सरकण्याची कटकट नाही. त्याचाही फिल्टर असतो, सर्वात मंद सेटिंगला २.२ मिलिसेकंद, जलद सेटिंगला ०.३ पेक्षा कमी. मूळ सेटिंग मंद आहे, ते बदलायला विसरू नका.

यंत्रशाळा

फिल्टर ३ केला, डी साठी जायरो घेतला. डोल जवळपास गेली. वर्गाचा पट्टेवालासुद्धा थांबून बघून गेला.

दोन शेवटचे प्रश्न. पोच नाही म्हटल्यावर पॅकेटं गळाली तर मोटारने काय करायचं? आणि मुलांच्या डोक्यात आलंय की दोन पेंडुलम करून त्यांचे हात एकमेकांच्या तालावर फिरवायचे, तेही रेडिओवरून. हे या रेडिओवर जमणारं आहे का?

स्पंद

पहिल्याचं उत्तर: एक-दोन पॅकेटं गळाली तर शेवटच्या कोनात शेवटचा वेग गुणिले गेलेला वेळ एवढी भर घाला आणि त्यावर पीआयडी चालवा. दांडी सेकंदाला ३० अंशांनी झुकत असेल तर ५ मिलिसेकंदांत ०.१५ अंश सरकते, एवढा अंदाज चुकत नाही. सेन्सरच्या फिल्टरचा जो ठराविक ५ मिलिसेकंद उशीर उरलाय, तोही याच गुणाकाराने भरून काढा, फुकटात मिळेल. पण सलग ५० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर मोटार बंद. हा टायमर खालच्या नॅनोवर वेगळा ठेवा, पॅकेटच्या इंटरप्टमध्ये नको, कारण पॅकेटच आलं नाही तर तो इंटरप्ट चालणारच नाही. तो आडवा हात वेगात असताना कुणाच्या बोटावर बसला तर चांगलाच लागेल.

दुसरं जमतं, आणि मुलांना हे सुचलं याचा मला फार आनंद झाला. झुरिकच्या ईटीएच आणि जर्मनीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गाडीवरचे उलटे पेंडुलम अशाच कमी पॉवरच्या रेडिओंवर, तेही एका नोडवरून (नेटवर्कमधला एकेक रेडिओ) दुसऱ्यावर उड्या मारत जाणाऱ्या नेटवर्कवर, तोलून आणि एकमेकांशी जुळवून दाखवले. त्यांचा अपडेट २० ते ५० मिलिसेकंदांचा होता, तुमच्यापेक्षा कितीतरी मंद. त्यांनी उशीर शून्य करायच्या मागे न लागता तो ठराविक केला: कुणी कधी बोलायचं त्याचं वेळापत्रक आधीच ठरलेलं, सगळ्यांची घड्याळं जुळलेली, आणि कंट्रोलर एवढा उशीर होणार हे धरूनच पुढचा अंदाज काढणारा. मुळात त्याखाली ग्लॉसी नावाची २०११ ची पद्धत आहे, ज्यात सगळे नोड तेच पॅकेट अगदी एकाच क्षणी पुन्हा पाठवतात आणि ते एकमेकांना मारत नाहीत.

तुम्हाला एवढं लागणार नाही, दोन्ही पेंडुलम एकाच टेबलावर आहेत. प्रत्येकाने स्वतःची दांडी स्वतःच्या रेडिओजोडीवर तोलावी. तालासाठी फक्त हाताचा कोन लागतो, तो मोटारच्या एन्कोडरवर (शाफ्टचा कोन मोजणारा सेन्सर) खालीच मिळतो, आणि खालचे दोन्ही नॅनो ॲडॅप्टरवर आहेत. त्यांच्यात सरळ वायर टाका. रेडिओवरूनच हवं असेल तर चार रेडिओंना एका चॅनलवर मोकळं सोडू नका. एका वरच्या नॅनोला मुख्य धरा. त्याचं पॅकेट दुसऱ्या पेंडुलमच्या खालच्या नॅनोलाही ऐकू येतं, पत्ता सारखा ठेवला की झालं. त्यानंतर १ मिलिसेकंदाने दुसऱ्या वरच्याने बोलायचं, २ मिलिसेकंदांनी एका खालच्याने, ३ मिलिसेकंदांनी दुसऱ्या खालच्याने. दुसऱ्या वरच्या नॅनोला मुख्याचं पॅकेट ऐकायला दर ५ मिलिसेकंदांना थोडा वेळ जागं राहावं लागेल, तेवढी बॅटरी जाईल. दर वेळी ऐकायची गरज नाही म्हणा, घड्याळातला फरक हजारात एकच असेल तर शंभर मिलिसेकंदांत तो ०.१ मिलिसेकंद सरकतो. दर विसाव्या पॅकेटला ऐकून जुळवून घेतलं तरी चालेल.

बॅटरी आणखी लहान करायची असेल तर रेडिओकडे बघू नका, तो आता सर्वात कमी खातो. हातावरचा नॅनो ५ व्होल्टवर वीसेक मिलिअँप घेतो, त्यावरचा लाल एलईडीसुद्धा कायम जळतो. ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्‌झचा प्रो मिनी (अर्डुइनोचाच लहान बोर्ड) लावा आणि एलईडीचा रेझिस्टर काढून टाका. एमपीयू६०५० स्वतः ४ च्या आसपास घेतो, त्याच्या जागी एएस५६०० आला तरी हा खर्च खाली येणार नाही, कारण एएस५६००ही जागा असताना काही मिलिअँप घेतोच.